सहाच्या वरचं दुखणं

खुमानी पाडवी एकोणीस वर्षांची होती आणि तिला इतकं दुखत होतं की तिने बोलणंच बंद केलं होतं.

चार नंबरच्या खाटेवर ती एका कुशीवर पडून होती. गुडघे पोटाशी, हात मांड्यांमध्ये, डोळे उघडे आणि नजर समोरच्या भिंतीवर. हललं की दुखणं वाढतं हे तिला लहानपणापासून ठाऊक होतं, म्हणून ती पापणीसुद्धा जपून हलवत होती. स्टाफ नर्स रमिला पावराने तिच्या मनगटावरचा पट्टा यंत्राला दाखवला आणि कॅमेऱ्याचा लांब दांडा तिच्या चेहऱ्यासमोर आणला. आठ सेकंद गेले. पडद्यावर आकडा आला : तीन.

"तीन?" डॉक्टर टेंभेकर म्हणाले. "परत घ्या, सिस्टर."

परत तीन. भिंतीवरच्या पोलादी कपाटाचा लाल दिवा तसाच राहिला. त्या कपाटात मॉर्फिन होतं आणि आकडा सहा किंवा सहाच्या वर गेल्याशिवाय ते उघडत नसे.

रमिला खाली वाकली आणि पावरी बोलीत म्हणाली, "खुमानी, कसं दुखतंय गं?"

खुमानीचे फक्त ओठ हलले. "जात्यात हाडं घातलीत."

डॉक्टरांनी सुस्कारा सोडला, यंत्राच्या काचेवर अंगठा टेकवला आणि कारण म्हणून 'वैद्यकीय निर्णय' असं लिहिलं. कपाट उघडलं. यंत्राचा आकडा बाजूला सारून डॉक्टरांना औषध देता यायचं, पण महिन्यातून चारदाच. पाचवा अंगठा यंत्र घेत नसे, त्याला वरची परवानगी लागायची.

"हा चौथा," ते म्हणाले. "आणि आज तारीख किती? नऊ."

जानेवारीचे दिवस होते. सातपुड्यात थंडी कडक पडली होती आणि अकरा खाटांच्या सिकलसेल वॉर्डात एकही खाट रिकामी नव्हती.

तांबड्या रक्तपेशी एरवी गोल आणि लवचिक असतात. केसाहून बारीक वाहिनीतूनही त्या दुमडून पार होतात. सिकलसेलच्या रुग्णात हिमोग्लोबिनच्या साखळीतला एक दुवा जन्मापासून बदललेला असतो, एकच. पण थंडी वाजली, अंगातलं पाणी कमी झालं, प्राणवायू घटला की असं हिमोग्लोबिन एकमेकांना चिकटून ताठ काड्या बनवतं आणि पेशी विळ्यासारखी वाकते. विळ्यांत विळे अडकतात. वाहिनी तुंबते. पलीकडचं हाड उपाशी राहतं आणि आक्रोश करतं. हा आक्रोश एक्स-रेत दिसत नाही, रक्ताच्या तपासणीत त्याचा आकडा येत नाही. रुग्ण सांगेल तेवढाच तो कळतो.

आणि रुग्णाचं सांगणं कुणी किती ऐकायचं, हा जुना प्रश्न होता. शहरातल्या माणसाचं जास्त ऐकलं जातं, डोंगरातल्या माणसाचं कमी, असं अनेक पाहण्यांतून पुढे आलं होतं. वेदनामापक आणला तो त्यावर उपाय म्हणून. दिवाळीनंतर तो वॉर्डात बसवला तेव्हा सोबत एक फलकही आला होता : 'माणूस भेदभाव करतो, यंत्र करत नाही.' चेहऱ्याचे चाळीसेक स्नायू तो एका सेकंदात तीसदा टिपायचा. भुवया किती जवळ आल्या, डोळ्यांखालचा भाग किती आवळला, वरचा ओठ किती उचलला गेला. लाखो रुग्णांचे चेहरे पाहून तो हे शिकला होता. रुग्ण कोण, हे त्याला फक्त मनगटाच्या पट्ट्यावरून कळायचं. चेहरा कुणाचा आहे हे गोपनीयतेसाठी तो पाहत नसे. चेहऱ्यावर काय आहे एवढंच पाहायचा.

वॉर्डात सगळे त्याला 'डोळा' म्हणत.

* * *

खुमानी आली त्याच्या दुसऱ्या दिवशी तालुक्याच्या गावातल्या एका कापड दुकानदाराची बायको मुतखड्याने कळवळत आली. शेजारच्या वॉर्डात जागा नव्हती म्हणून तिला इथे आणून स्ट्रेचरवरच ठेवलं. डोळ्याने तिला आठ दिले. कपाट खट्‌कन उघडलं. रमिलाने तिला इंजेक्शन दिलं आणि मग पडद्यावर साठवलेला तिचा आठ सेकंदांचा चेहरा पुन्हा लावून पाहिला. मग खुमानीचा लावला. असं तिने चार-पाचदा केलं.

बाईला दुखत होतं यात शंका नव्हती. पण तिला दुखतंय हे तिच्या चेहऱ्यावर लिहिलेलं होतं आणि डोळ्याला ती लिपी वाचता येत होती. खुमानीचा चेहरा कोरा होता. जन्मापासून दर थंडीत जे येतं त्याला कोण किती वेळा ओरडणार? ओरडून छाती हलते, छाती हलली की बरगड्या दुखतात. वॉर्डातले सगळेच असे गप्प पडून राहायचे.

त्या दुपारी सहा नंबरच्या खाटेवरच्या माणसाला डोळ्याने दोन दिले, तेव्हा रमिलाने दांडा बाजूला सारला आणि त्याच्यापुढे स्टूल ओढून बसली.

"दादा, माझ्याकडे बघा. भुवया अशा जवळ आणा. डोळे आवळा, पण मिटू नका. आणि वरचा ओठ वर घ्या, वाईट वास आल्यावर घेतो तसा."

तो माणूस गोंधळला. "कशाला?"

"डोळ्याला कळत नाही म्हणून."

त्याने केलं. पलीकडच्या खाटेवरची म्हातारी त्याला बघून हसायला लागली आणि हसताना बरगडी दुखली म्हणून कण्हली. सहा पूर्णांक चार. कपाट उघडलं.

महिन्याभरात सगळा वॉर्ड शिकला. खुमानी पुन्हा आली तेव्हा ती घरून सराव करूनच आली होती. "लाज वाटते गं, रमिलाबाई," ती म्हणाली. "बाळंतपणातसुद्धा मी कुणाला असं तोंड दाखवलं नाही." पण तिने तोंड केलं आणि तिला सात मिळाले. आठवड्याच्या बाजारात बाया एकमेकींना शिकवू लागल्या. डॉक्टर टेंभेकरांच्या लक्षात आलं होतं. ते काही बोलले नाहीत. फेब्रुवारीत त्यांचा एकही अंगठा खर्ची पडला नाही.

बोलला तो दिलवर.

दिलवर रमिलाचा धाकटा भाऊ, तिच्याहून नऊ वर्षांनी लहान. सिंदवाणीच्या आश्रमशाळेत तो विज्ञान शिकवायचा. त्यालाही सिकलसेल होता. रमिला वाहक होती, म्हणजे दोष रक्तात पण आजार नाही. आई-वडिलांकडून तिला त्या जनुकाची एक बदललेली प्रत मिळाली होती आणि त्याला दोन. एवढाच फरक, आणि त्याच फरकामुळे ती नाशिकला नर्सिंग शिकायला गेली होती. महिन्याच्या गोळ्या न्यायला तो रविवारी आला आणि वॉर्डाच्या दारात उभा राहून त्याने तिचा वर्ग पाहिला.

जेवताना तो म्हणाला, "ताई, तू त्यांना शिकवत नाहीयेस. तू यंत्राला शिकवतेयस."

"म्हणजे?"

"ते रोज शिकतं. इथल्या नोंदी वर जातात. चेहरा, नाडी, औषध दिल्यावर काय झालं, सगळं. आज ना उद्या त्याला दिसेल की या तालुक्यातले लोक सगळे एकसारखंच तोंड करतात. मग?"

"मगचं मग. आज कपाट उघडतंय ना?"

"मला वेळ आली तर मी नाही करणार."

"दिलवर, हट्ट करू नकोस."

"हट्ट नाही. मला दुखतंय हे खरं आहे. खऱ्याची नक्कल कशी करू?" त्याने भाकरीचा तुकडा मोडला. "मुलांना मी सांगतो, मोजमाप चुकलं तर मोजणारं साधन तपासा. मोजायची वस्तू वाकवू नका."

रमिला ताट घेऊन उठली. तिला दुपारच्या इंजेक्शनांची वेळ झाली होती.

* * *

मार्चअखेर यंत्राच्या कंपनीकडून तन्वी नाबर नावाची इंजिनियर आली. सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांची, उन्हाने लाल झालेली, प्रत्येकाला अहो-जाहो करणारी. रुग्ण कल्याण समितीची बैठक बोलावून तिने नवी आवृत्ती समजावून सांगितली. दिलवर समितीवर रुग्णांचा प्रतिनिधी होता.

"खऱ्या वेदनेत स्नायू मागेपुढे, वेडेवाकडे आवळतात," ती पडद्यावर दाखवत म्हणाली. "ठरवून केलेल्या चेहऱ्यात ते एकदम आवळतात आणि दोन्ही बाजूंना सारखे. आता यंत्राला हा फरक ओळखता येतो. अभिनय असेल तर आकड्याऐवजी 'अ' येईल. तुमच्या रुग्णालयातून आम्हाला याच्या सर्वांत जास्त नोंदी मिळाल्या." ती जरा थांबली. "का, ते आम्हाला माहीत नाही."

रमिला हातातल्या रजिस्टरकडे बघत राहिली. डॉक्टरांनी चष्मा पुसला.

दिलवरने हात वर केला. "मूळ यंत्र शिकलं ते किती चेहऱ्यांवर?"

"अडतीस लाख."

"त्यात डोंगरातले किती? पावरा, भिल्ल, कोकणा, सगळे मिळून."

तिने टॅब्लेटवर शोधलं. खोटं बोलण्याचा तिचा स्वभाव नसावा. "सहाशे चौदा."

"आणि त्यांचे आकडे कमी आले?"

"हो. अहवालात तसं आहे." तिने वाचून दाखवलं, "'या गटाची वेदना सहन करण्याची क्षमता सरासरीपेक्षा अधिक आढळते.'"

"मॅडम, हे वाक्य असंही लिहिता आलं असतं, की या गटाची वेदना यंत्राला वाचता येत नाही."

तन्वी नाबरने टॅब्लेट खाली ठेवला. मग म्हणाली, "मी कळवते वर." तिने खरंच कळवलं. उत्तर आलं की सूचनेची नोंद घेण्यात आली आहे.

नव्या आवृत्तीने वॉर्डाची दोन्ही दारं बंद केली. गप्प पडणाऱ्याला दोन नाहीतर तीन. तोंड करणाऱ्याला 'अ'. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात डॉक्टरांचे चारही अंगठे संपले. तीन दिवस एका म्हाताऱ्याला साध्या वेदनाशामकावर ठेवावं लागलं. चौथ्या दिवशी नातेवाइकांनी त्याला झोळीत घालून घरी नेलं. "इथे काय नि तिथे काय," त्याचा मुलगा म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता. तेच रमिलाला जास्त लागलं.

* * *

अकरा एप्रिलला भर दुपारी आश्रमशाळेच्या मुख्याध्यापकांनी दिलवरला जीपमधून आणलं. सकाळी शाळेच्या मैदानावर मतदार यादीचं काम होतं, उन्हात चार तास, आणि पाण्याचा टँकर आला नव्हता.

तो चालत आत आला. रमिलाला बघून म्हणाला, "बरगड्या आहेत, ताई. डावीकडच्या. पाठीतही आलंय." जणू बसचं वेळापत्रक सांगत होता.

बरगड्यांचं दुखणं सर्वांत वाईट. श्वास घेतला की दुखतं म्हणून रुग्ण वरवर श्वास घेतो. फुप्फुसाचा तळ हवेशिवाय राहतो, रक्तातला प्राणवायू घटतो, त्यामुळे आणखी पेशी वाकतात, आणखी दुखतं, श्वास आणखी उथळ होतो. हे चक्र तोडायला आधी दुखणं थांबवावं लागतं. सलाईन लागलं, प्राणवायूची नळी लागली, साधी वेदनाशामक इंजेक्शनं झाली. बोटावरच्या चिमट्यात प्राणवायू एक्क्याण्णव टक्के होता. अर्ध्या तासाने अठ्ठ्याऐंशी.

डोळ्याने दिलवरला दोन दिले.

"जिल्ह्याला पाठवूया," रमिला म्हणाली.

"तीन तास," डॉक्टर म्हणाले. "रस्त्यात काही झालं तर? आणि तिथेही हाच डोळा." त्यांनी काचेवर अंगठा टेकवून पाहिला. काच लाल झाली. त्यांनी वरच्या कार्यालयात फोन लावला. फोन वाजत राहिला.

रमिला भावाच्या उशाशी बसली. "दिलवर, माझं ऐक. तोंड कर. डाव्या भुवईपासून सुरू कर, मग उजवी. एकदम करू नकोस."

"ते 'अ' देईल."

"कर ना रे. माझ्यासाठी."

त्याने तिच्याकडे पाहिलं. त्याचे ओठ निळसर झाले होते. मग त्याने डोळे आवळले, ओठ उचलला आणि घशातून एक आवाज काढला. असा आवाज रमिलाने त्याच्या तोंडून आयुष्यात ऐकला नव्हता. पडद्यावर उमटलं : अ.

"बघ," तो म्हणाला. आणि एवढा एक शब्द बोलायला त्याला दोन श्वास लागले.

पंच्याऐंशी.

पुढचं रमिलाने ठरवून केलं नाही. तिने कात्री घेतली, दिलवरच्या मनगटावरचा पट्टा कापला, तो आपल्या मनगटावर धरून यंत्राला दाखवला आणि दांडा ओढून आपल्या चेहऱ्यासमोर घेतला. डॉक्टर टेंभेकर खिडकीकडे वळले. तिने भुवया जवळ आणल्या नाहीत, ओठ उचलला नाही. ती फक्त कॅमेऱ्याच्या काळ्या काचेत बघत राहिली आणि तिला त्या काचेत मागे पडलेला तिचा भाऊ दिसत होता.

आठ सेकंद.

नऊ पूर्णांक एक.

कपाट उघडलं.

वीस मिनिटांत दिलवरचा श्वास खाली पोटापर्यंत जाऊ लागला. संध्याकाळी रक्ताची पिशवी आली. तिसऱ्या दिवशी तो उठून बसला.

* * *

दोननंतर 'अ', आणि 'अ'नंतर लगेच नऊ, ही उडी कुणाच्या तरी डोळ्यांत भरली. कुणी तरी ती नोंद उघडून पाहिली. आत चेहरा होता तो पांढऱ्या गणवेशातल्या नर्सचा.

मे महिन्यात चौकशी झाली. चौकशी अधिकारी कुलथे निवृत्तीला आलेले गृहस्थ होते. त्यांनी रमिलासाठी चहा मागवला. शेजारी तन्वी नाबर बसली होती, मान खाली घालून. भिंतीवर रमिलाचे आठ सेकंद लावले गेले. रमिलाने स्वतःचा चेहरा पाहिला आणि तिला वाटलं, ही मी नाही. हा चेहरा मी कुठून आणला? अकराव्या वर्षापासून वसतिगृह, मग नाशिक, मग शहरातल्या मुलींबरोबर ड्यूट्या. तिथे कुठे तरी ती त्यांच्यासारखं रडायला शिकली होती आणि तिला ते कळलंही नव्हतं.

"अगदी स्वच्छ वाचला गेला," तन्वी हळूच म्हणाली. "या तालुक्यातून इतका स्पष्ट चेहरा आम्हाला कधी मिळाला नव्हता." मग आपण काय बोललो हे लक्षात येऊन तिने मान पुन्हा खाली घातली.

कुलथ्यांनी एक कागद पुढे सरकवला. "वाचा सिस्टर. सावकाश."

कागदावर लिहिलं होतं की मी, रमिला वेस्ता पावरा, जानेवारी ते मार्च या काळात माझ्या समाजाच्या रुग्णांना वेदनेचा अभिनय करण्यास शिकवलं, रुग्णांनी तसा अभिनय केला, आणि यंत्राचं मापन निर्दोष होतं.

"मी शिकवलं, हे खरं आहे," रमिला म्हणाली. "पण त्यांना दुखत नव्हतं, हे खोटं."

"दुखत नव्हतं असं कुठे लिहिलंय? दाखवा."

तिने पुन्हा वाचलं. तसं खरंच कुठे लिहिलेलं नव्हतं. "वाचणाऱ्याला तेच कळेल, साहेब."

"वाचणाऱ्याचं मी काय करणार?" कुलथे म्हणाले. ते दमलेले दिसत होते. "हे बघा, मी तुमचा शत्रू नाही. तुम्ही सही केलीत, तर त्या तीन महिन्यांच्या नोंदी दूषित ठरतात. मग नवी आवृत्ती मागे घ्यावीच लागते, जुनी परत येते. डॉक्टरांचे चौकशीमुळे गोठवलेले अंगठे परत मिळतात. तुमची नोकरी राहते, एक ताकीद. नाही केलीत, तर दुसऱ्याच्या नावावर मॉर्फिन काढल्याचा गुन्हा पोलिसांत जाईल, टेंभेकरांचा परवाना अडकेल, आणि नवी आवृत्ती जूनपासून डोंगरातल्या अकराही रुग्णालयांत बसेल."

"म्हणजे यंत्र चुकलं असं कुणी म्हणायचंच नाही."

कुलथ्यांनी पेनाचं टोपण काढून पेन कागदावर ठेवलं. चहा निवला होता.

तिने बाहेर येऊन दिलवरला फोन केला. त्याने सगळं ऐकून घेतलं.

"सही करू नकोस," तो म्हणाला. "आज एका कागदावर येईल. उद्या प्रत्येक पावऱ्याच्या नावापुढे येईल, की हे लोक ढोंग करतात. ते कधी पुसलं जाणार नाही, ताई."

"आणि तू परत आजारी पडलास तर? मी तुरुंगात, आणि कपाट बंद."

पलीकडे शाळेतल्या मुलांचा गलका ऐकू येत होता. खोटा धीर देणं दिलवरला जमत नव्हतं.

"खुमानीचा चौथा महिना चाललाय," रमिला म्हणाली. "पोटुशी आहे ती. तिला मी काय सांगू?"

"मला विचारू नकोस," दिलवर म्हणाला आणि त्याने फोन ठेवला.

तिने आत जाऊन सही केली. पावरा या आडनावाखाली तिने रेघ ओढली, तशी ती नेहमीच ओढायची. तन्वी नाबरने तिच्याकडे पाहिलं नाही.

* * *

कुलथ्यांनी शब्द पाळला. आठवड्यात जुनी आवृत्ती परत आली. पण तिच्यासोबत एक परिपत्रक आलं. या तालुक्यात अभिनयाचा प्रकार कबुलीने सिद्ध झालेला असल्याने इथल्या आदिवासी रुग्णांचं मापन एकदाच न करता सतत केलं जाईल. मॉर्फिन यापुढे इंजेक्शनने नाही, पंपाने थेंबथेंब. दांडा खाटेलाच बसवलेला. दर दहा मिनिटांनी डोळा चेहरा पाहील आणि आकडा सहाच्या खाली गेला की पंप आपोआप थांबेल, डॉक्टरांचा अंगठा असला तरी. कारण दुखणं खरं असेल तर ते चेहऱ्यावर राहील.

दुखणं औषधाने उतरतं म्हणूनच औषध देतात, हे परिपत्रक लिहिणाऱ्याच्या ध्यानात आलं नसेल का? डॉक्टर टेंभेकरांनी तसं पत्र लिहिलं. उत्तर आलं की सूचनेची नोंद घेण्यात आली आहे.

दिलवर महिनाभर बहिणीशी बोलला नाही. गोळ्या न्यायला त्याने शाळेतल्या शिपायाला पाठवलं.

जूनमध्ये शाळा उघडली त्या आठवड्यात त्याला ताप आला आणि तापात सगळ्या अंगाची हाडं पेटली. या वेळी त्याला स्ट्रेचरवरून आणावं लागलं. रमिलाने पट्टा बांधला, सलाईन लावलं, दांडा बसवला. 'तोंड कर' असं सांगण्याचा आपल्याला हक्क उरलेला नाही, असं तिला वाटत होतं.

दिलवरने डोळ्याकडे पाहिलं. मग त्याने भुवया जवळ आणल्या, डोळे आवळले, पण मिटले नाहीत, आणि वरचा ओठ उचलला. अगदी बरोबर. त्याने सराव केला होता. केव्हा, कुठे, कुठल्या आरशासमोर, हे तिने विचारलं नाही.

सात पूर्णांक दोन. पंप सुरू झाला.

पंधरा मिनिटांत त्याच्या मानेच्या शिरा सैल पडल्या. मुठी उघडल्या. हे दुखणं तीन-चार दिवस टिकतं. तेवढे दिवस पंप चालू राहायला हवा, थांबला की ते सगळंच्या सगळं परत येतं. पडद्याच्या कोपऱ्यात पुढच्या मापनापर्यंतचे आकडे उलटे पडत होते.

"आता कमी आहे," तो पावरीत म्हणाला. तीन रात्री तो झोपला नव्हता. पापण्या मिटत होत्या. "सोडू का चेहरा?"

रमिलाने पडदा पाहिला. "सोड. चार मिनिटं आहेत."

चेहरा सैल झाला आणि दिलवर लगेच झोपला. झोपेत तो लहानपणी दिसायचा तसाच दिसत होता. तिने त्याच्या कपाळावर ओला कपडा ठेवला. पलीकडच्या खाटेवर खुमानीची सासू सुनेच्या गालावर हलक्या चापट्या मारत होती. तिच्याही मापनाची वेळ होत आली होती.

एक मिनिट. तीस सेकंद.

"दिलवर." तिने त्याचा खांदा हलवला. "ऊठ. दिलवर, ऊठ रे."

त्याने डोळे उघडले. क्षणभर आपण कुठे आहोत हे त्याला कळलं नाही.

"धर," ती म्हणाली.

त्याने चेहरा धरला. आठ सेकंद. सहा पूर्णांक तीन. पंप चालू राहिला.

"रात्री?" त्याने विचारलं.

"मी आहे."

"आणि उद्या?"

कोपऱ्यातले आकडे पुन्हा दहापासून उलटे पडू लागले होते. रमिलाने स्टूल खाटेला आणखी चिकटवून घेतलं.

"झोप आता," ती म्हणाली. "साडेनऊ मिनिटं आहेत."